काळ्या चौकटीतले जिवंत

...काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली, आणि तो तडा बरोबर त्याच्या कपाळावरून मिशीपर्यंत उतरलेला, त्यामुळे तोंडाचे दोन तुकडे झालेले — एक तुकडा हसणारा, दुसरा वाईच नाराज — आणि भोवतीनं बोटभर जाडीची काळी चौकट, वरच्या अंगाला पांढऱ्या फुलांचा हार, हाराखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली, 'दिलदार मनाचा राजामाणूस, गावाचा आधारवड, मा. उदयसिंह गणपतराव वरुटे'. क्रांतीनं फोन टेबलावर पालथा घातला. पुन्हा सुलटा केला. चौकट होती तिथंच होती.

भाऊ मेला नव्हता. भावाचा आज पन्नासावा वाढदिवस होता.

हे तिनं स्वतःला दोनदा सांगितलं, कारण एकदा सांगितल्यावर जिभेवर जे आलं ते दुःख नव्हतं, आणि ते नेमकं काय होतं हे चाखायला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. गोड होतं. उसाच्या रसात आलं जास्त पडलं की घसा जळतो आणि तरी माणूस ग्लास खाली ठेवत नाही, त्यातलं गोड.

'सांजभेट' हे तसं सायंदैनिक, पण कागदावर ते आता फक्त भजी बांधायला आणि मालकाच्या अब्रूला पुरेल एवढंच निघतं. बाकी सगळं फोनवर. आणि फोनवर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान राजकारणाचं नाही, कुस्तीचंही नाही — 'माणसं' नावाचं. आज कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, वाढदिवस कुणाचा, लग्नाला पंचवीस वर्षं कुणाच्या झाली. लोक मजकूर आणि फोटो पाठवतात, क्रांती तो डोळ्यांखालून घालते, 'मंजूर' दाबते, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला यंत्र सगळं साच्यात ओतून पान तयार करतं. बारा वर्षं तो साचा क्रांतीचा होता. दोन वेगळे खण — एकात गेलेले, एकात असलेले, मध्ये जाड भिंत. सोमवारपासून साचा सम्राटचा आहे. सम्राटला इथं येऊन दीड वर्ष झालं, पुण्याहून शिकून आलाय, आणि तिचा साचा पाहून तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मॅडम, हे टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ठेवा. तोफेशेजारी."

सोमवारी साचा बदलला आणि मंगळवारी मढी बोलायला लागली.

पहिलं बोललं ते मलकापूरच्या ज्ञानू पैलवानाचं. आज सकाळी दहाला क्रांतीनं फोन उचलला तर पलीकडून घागरीत बोलल्यासारखा आवाज.

"मी ज्ञानू बोलतोय. मलकापूरचा. काल मेलेला."

"कोण?"

"अवो बाई, तुमीच मारलासा की! पंच्याहत्तरी माझी, पोरांनी हौसंनं फोटू दिला, आन् तुमी मला हार घाटलासा. माझी बहीण तिकडं गगनबावड्याकडं दिलीया, ती यष्टीतनं रडत आली. तिचं बघून गाडीतली समदी माणसं रडाय लागली, कंडक्टरनं कुणाचं तिकीटच फाडलं न्हाय. हितं येऊन बघतीया तर मी मटणाच्या ताटावर. मला जित्ता बघून तिनं आनी मोठ्यानं गळा काढला. मला वाटलं, दुसरं कोणतरी गेलं, म्हणून मीबी लागलो रडाय. दोन तास रडलो, बाई, घरदार रडलं, आन् मग कुणीतरी इचारलं, कुणासाठी रडायलाय? तर कुणालाच म्हाईत न्हाय!"

"चूक झाली, काका. आजच दुरुस्त करते."

"गडबड न्हाय वो." आवाज एकदम खाली आला. "रडाय कोण कोण आलं ते समजलं की. आन् कोण न्हाय आलं, तेबी समजलं. ऱ्हाऊ द्या आनी एक दिस."

पैलवानाच्या गोष्टीतली यष्टी वजा करावी, कंडक्टर वजा करावा, रडण्याचे दोन तास वजा करावेत... तरी चौकट शिल्लक राहतेच. आणि ते शेवटचं वाक्यही.

मग मालक, धैर्यशीलराव, आपला नवा कोरा फोन नाचवत केबिनमधून बाहेर आले. साठी उलटलेला माणूस, पण आवाजाला अजून मिसरूडही फुटलेलं नाही असा जोर. "क्रांती, माझ्या फोनवर झकास दिसतंय की! पैलवान केकसकट हाय, फुगं हायेत, समदं हाय! मग ह्ये गावाकडनंच का बोंबलत्यात लोक?"

"तुमचा फोन नवा आहे."

"मग?"

"गावाकडचे जुने आहेत."

"सम्राटला फोन लाव."

"सम्राट गगनबावड्याला गेलाय, मित्रांबरोबर. रेंज नाही."

"मग तू बघ. आन् साडेपाचच्या आत बघ. आज वरुट्याचं पन्नासावं हाय, अख्ख्या गावानं शुभेच्छा दिल्यात. त्याला जर हार पडला, तर त्यो हितं येऊन मला हार घालील." आणि मग, दारात थांबून, नजर न मिळवता, "तुझा... म्हंजे... तुला म्हाईत हायच."

मला म्हाईत हायच.

तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात पाच म्हातारे फोन. गावाकडच्या माणसाला पान कसं दिसतं ते बघायला तिनं वर्षानुवर्षं जपलेले. एक बिद्रीकडच्या गुऱ्हाळात उकळत्या काहिलीत पडला होता आणि दुसऱ्या दिवशी ढेपेतून फोडून काढला. त्यावर बोललं की अजून आवाज गोड येतो, असं धैर्यशीलराव शपथेवर सांगतात. एकाला म्हशीनं चाटून चाटून रंग घालवलेला. आणि एक हा, तडकलेला, जोडीनं घेतलेल्या दोनांतला... त्या दुसऱ्याचा विचार तिनं तिथंच थांबवला. पाचही फोन पेटवले, आज संध्याकाळचं पान कच्चं तयार करून त्यांवर उघडलं. दोघांवर ठीक. तिघांवर सगळे मेलेले. पहिला वाढदिवस असलेलं बाळ, लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं जयसिंगपूरचं जोडपं, उदयसिंह वरुटे — सगळे ओळीनं काळ्या चौकटीत.

आणि गंमत बघा, मजकुरात काही फरकच करावा लागत नव्हता. 'दिलदार', 'राजामाणूस', 'गोरगरिबांचा कैवारी' — कोल्हापुरात माणूस जिवंत असताना त्याच्याविषयी जे लिहितात तेच मेल्यावर लिहितात. फरक काय तो चौकटीचा. 'शुभेच्छुक' आणि 'शोकाकुल' हे शब्दही सम्राटनं मजकुरातून काढून साच्यात टाकलेले. खालची नावं तीच. समस्त ग्रामस्थ, तरुण मंडळ, मित्रपरिवार. सगळे शोकाकुल.

साडेअकरापर्यंत तिला दोष सापडला होता.

सापडला तेव्हा ती हसली; एकटीच, मोठ्यानं. सम्राटनं मधली भिंत पाडून सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं होतं. मग त्यानं आधी सरसकट सगळ्यांना काळी चौकट घातली, आणि नंतर एक यादी केली — अमक्या-तमक्यांची चौकट काढा. यादीत तीन खुणा: ज्याच्यावर वाढदिवसाची पाटी तो, ज्याच्यावर लग्नदिवसाची पाटी तो, आणि तिसरी, सम्राटची लाडकी नवी खूण — ज्याच्या पोटात केकचं चित्र तो. म्हणजे पोरानं अख्खा जिल्हा आधी मारला, आणि मग निवडून निवडून जिवंत केला! आता नव्या फोनला पोटात डोकावता येतं. जुन्याला येत नाही. तो बिचारा दारावरची पाटी वाचतो. आणि जुन्या फोनची एक खोड आहे, ती सम्राटला पुण्यात कुणी शिकवली नव्हती — यादीत एक जरी खूण ओळखीची नसली, तर तो तेवढीच गाळत नाही... अख्खी यादी फेकून देतो. एका परक्यापायी ओळखीचे दोघंही बाहेर. मग चौकट कुणाचीच निघत नाही.

उपाय दोन मिनिटांचा. तिन्ही खुणांना तीन वेगळ्या ओळींवर बसवायचं. जुना फोन तिसरी ओळ टाकून देईल, पहिल्या दोन पाळील. संपलं.

तिनं हात मांडीवर ठेवले.

"सापडलं का?" केबिनमधून.

"शोधतेय," ती म्हणाली.

...एका परक्या नावापायी अख्खी यादी बाद. उदयसिंहालाही हेच वाटलं असेल. एकोणीस वर्षांपूर्वी मी बसवेशशी लग्न केलं — लिंगायताच्या घरात गेली, म्हणजे गेलीच — तेव्हा घरात मांडणी अशीच झाली असेल की ही यादीत राहिली तर आपण सगळेच बाद. आबांनी एक शब्द काढला नाही. आक्का, माझी आई, चुलीपुढून उठली नाही. बोलला तो उदयसिंह, उंबऱ्यात उभा राहून, दोन्ही हात चौकटीला लावून, जणू घर पडत होतं आणि तोच ते धरून होता. "आमाला बहीण न्हाय." एवढंच. मोठ्यानं. शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिला ऐकवायला त्याच्या निम्म्या आवाजात भागलं असतं.

ते तिनं माफ केलं असतं. खरंच केलं असतं. माणूस उंबऱ्यात उभा राहिला की काहीही बोलतो. पण आठ वर्षांपूर्वीचं ते...

चैत्र. दुपारी सव्वातीन. पंखा आजच्यासारखाच कुरकुरत होता. मजकुरांच्या रांगेत बारावा फोटो आला, फार काळपट — कुणीतरी घरात, कंदिलाएवढ्या उजेडात काढलेला म्हातारा, डोक्याला फेटा नाही, गाल आत गेलेले. तिनं सवयीनं तो उजळला. कडा कापल्या. नाकाजवळचा डाग पुसला. पुन्हा थोडा उजळला... चांगला दिसावा म्हणून, कुणाचा तरी बाप आहे म्हणून. आणि मग खाली नाव वाचलं.

गणपतराव वरुटे. वय ७४. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी आठ वाजता.

मी माझा बाप उजळला होता आणि मला तो ओळखू आला नव्हता. अकरा वर्षं पाहिला नव्हता. फेट्याशिवाय तर कधीच नाही.

पाठवणार: उदयसिंह वरुटे. त्याला ठाऊक होतं की हे पान कोण करतं. गावाला ठाऊक होतं. म्हणजे ही बातमी वाचकांसाठी नव्हतीच — हा निरोप होता, तिच्या टेबलावर पाठवलेला: बाप गेला, आणि तू त्याच्या मागे राहिलेल्यांत नाहीस. आणि 'सांजभेट'चा नियम कडक. मजकुराला हात लावायचा नाही. कुणाचं नाव आधी, कुणाचं मागं यावरून या ऑफिसात खुर्च्या फुटल्यात. एकदा तर मयताच्या दोन बायकांनी एकाच दिवशी दोन जाहिराती देऊन एकमेकींना गाळलं होतं, आणि दोघी मिळून धैर्यशीलरावांच्या अंगावर आल्या होत्या. तेव्हा हात लावायचा नाही. 'मुलगा' या शब्दाच्या पुढं 'मुलगी' हा एक शब्द... बोट तिथं गेलं होतं. मग ते सरकलं, आणि तिनं 'मंजूर' दाबलं. माझ्याच हातानं मी माझं नाव वगळलेलं पान छापलं.

मग ती अनवाणी बाहेर पडली आणि थेट एसटी स्टँडवर जाऊन बसली. बिद्रीकडची, माहेरच्या वाटेवरची, एक गाडी गेली. दुसरी गेली. बसवेश कुठूनतरी कळून पिशवीत तिच्या चपला घेऊन आला, शेजारी बसला. तिसरी गाडी लागली तेव्हा एवढंच म्हणाला, "जायचं असेल तर जा. मी इथंच बसतो." पण ज्याचं नाव यादीत नाही त्यानं नदीवर कुणाच्या शेजारी उभं राहायचं? कुणी विचारलं, पावणं कुठलं, तर?

तिसरी गाडी गेली.

साडेबारा. एक. क्रांतीनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, तसाच ठेवला. डोळ्यांपुढं संध्याकाळ उलगडत होती, आणि ती तिला हवी तशी उलगडू देत होती... चावडीपुढं व्यासपीठ. केक तीन मजली, वर साखरेचा उदयसिंह. डॉल्बीनं पारावरची माती उडतेय. सहा वाजतात, आणि गर्दीतले म्हातारे, सवयीनं, एक हात टाळीला ठेवून दुसऱ्यानं फोन उघडतात. पहिली टोपी निघते. दुसरी निघते. कोपऱ्यातली एक बाई पदर तोंडाला लावते. डॉल्बीवाला आवाज बारीक करतो, आदरानं. शेजारच्या गावाहून लोक निघतात, कारखान्यावरून गाडी निघते, कुणीतरी वेळू तोडायला घेतो, कुणीतरी मडकं आणायला धावतो, आणि उदयसिंह सुरी हातात धरून एकेकाला सांगतोय, मी हाय, मी हाय की, आणि लोक त्याच्याकडं पाहून हुंदका देतायत — काय रुबाबदार मढं! — आणि तो ओरडतोय, आणि त्याच्या ओरडण्याला कुणीच जागा देत नाही, कारण पानावर छापून आलंय. पानावर आलं ते खरं. पानावर नाही ते नाही. एक दिवस, दादा... एकच संध्याकाळ. तू यादीच्या बाहेर उभा राहून मोठ्यानं ओरडायचंस की मी हाय.

आणि दोष कुणाचा? सम्राटचा. म्युझियमवाल्याचा. एका दगडात दोन. माझा हात कुठंच नाही — मी फक्त शोधत होते, साहेब, सापडलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा मला काही सापडलं नाही.

"झालं काय?" धैर्यशीलराव आता टेबलापाशी. त्यांनी तडकलेला फोन उचलला, चौकटीतल्या उदयसिंहाकडं बघितलं, मग तिच्याकडं. म्हातारा मोठ्यानं बोलत असला तरी डोळ्यानं आंधळा नव्हता.

"क्रांती, तुला सापडलं न्हाय असं मी आजवर ऐकलं न्हाय."

"साचा माझा नाही, साहेब."

"व्हय की." फोन त्यांनी हळू खाली ठेवला. "साचा तुझा न्हाय." आणि गेले. दार लावलं नाही.

तीन वाजता तिला आणखी चांगली कल्पना सुचली, आणि ती इतकी सोपी होती की तिला स्वतःची थोडी भीती वाटली. यादी दुरुस्त करायची. बाळाला सोडवायचं, जयसिंगपूरच्या जोडप्याला सोडवायचं, उद्याच्या-परवाच्या सगळ्यांना. फक्त उदयसिंहाच्या दारावरची पाटी काढून ठेवायची. मग जुन्या फोनवर तो एकटा मेलेला. नव्यावर पोटातल्या केकमुळं फुगे. कुणी चौकशी केली तर यंत्राची चूक. तिनं ते करून पाहिलं. सगळे जिवंत झाले, आणि मध्ये तो. एकटाच, हारात, दोन तुकड्यांचं हसत.

तिनं तडकलेल्या फोनवर बोट ठेवलं — आणि आता तो थांबवलेला विचार आला.

दोन फोन जोडीनं घेतले होते. एक या डब्यात. दुसरा चार वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात, मांडवाच्या मागच्या बाजूला, खरकट्या ताटांच्या ढिगाशेजारी, तिनं आक्काच्या पिशवीत टाकला होता. आक्काला वाचता येत नाही. म्हणून पडद्यावर एकच चित्र ठेवलं होतं, जास्वंदीचं फूल. फूल दाबलं की 'माणसं' उघडायचं. तेव्हापासून रोज सहाला, धार काढून झाली की, गोठ्यात पाटीवर बसून आक्का फूल दाबते. मजकूर तिला कळत नाही. चौकट कळते. काळी असली की हात जोडते, नसली की बोटं कानशिलावर मोडते. महिन्या-दोन महिन्यांनी चोरून फोन करते तेव्हा गुडघे, म्हैस आणि पाऊसपाणी बोलून झाल्यावर शेवटी हिशेबासारखं सांगते, "या टायमाला काळी लई निगाली बग." बाकी कशाविषयी दोघी कधी बोलल्या नाहीत.

आक्का चावडीपुढच्या कार्यक्रमाला जाणार नाही. गुडघ्यांमुळे ती गोठ्याच्या पलीकडं जात नाही. सहा वाजता ती फूल दाबेल.

क्रांतीनं पावणेपाचला फोन लावला. ठरवून काहीच नव्हतं, फक्त — आज उघडू नको, एवढंच सांगायचं.

"आक्का, मी."

"बोल की. म्हशीला पाणी दावतोय."

"आज सहाला ते पान उघडू नको."

"का ग?"

"बिघडलंय. वंगाळ दिसंल."

"दिसू दे. मी उघडणार." पाण्याची बादली आदळल्याचा आवाज. "आज उदयचा फोटू हाय न्हवं? वरसातनं एकच दिस त्यो आन् तू एका जागी दिसतासा. फोटू त्याचा, पान तुजं. घरात तर काय न्हायच."

 पलीकडं म्हैस पाणी पीत होती, सुर्र... सुर्र...

"आबांचंबी पान तूच केलतंस न्हवं?"

"व्हय."

"फोटू लई चांगला काढलतास. तोंडावर उजेड हुता." मग जरा वेळानं, तोंड बाजूला करून बोलल्यासारखं, "उदयनं वाचून दावलं हुतं मला. पत्नी, मुलगा, मुलगी, सून... मी दोनदा वाचाय लावलं. सुनंच्या आदी तुजं हुतं."

पंखा कुरकुरत होता.

"तवा तू आली का न्हाईस ग? नाव तर घाटलं हुतं की. मी नदीवर मागं वळू-वळू बघत हुतो. बाया म्हणाल्या, मागं बघू नी... तरी बघत हुतो."

"आक्का..."

"ऱ्हाऊ दे. नगं सांगू. इतकी वर्सं कुटं इचारलं? आज सणासुदीचं त्वांडातनं गेलं. ठेव. धारंचा टाइम झाला."

ठेवला.

...आठ वर्षं आक्काच्या मनात मी यादीत आहे. आठ वर्षं तिच्या मनात, बोलावलेली, नाव छापलेली, स्वतःच्या हातानं छापलेली मुलगी बापाच्या राखेला आली नाही. एवढा राग, असं ती म्हणत असेल, गोठ्यात, म्हशीला. आणि दादा... त्यानं लिहिलं नाही. पण उच्चारलं. आईसमोर कागद धरून, नसलेला शब्द वाचला, आणि वाचला तो कुठं — मुलाच्या मागं, सुनेच्या आधी. बरोबर जागी. म्हणजे जागा त्याला माहीत होती. आईला समजवायला वाचलं? की आपल्यावर येऊ नये म्हणून, सगळं माझ्या न येण्यावर ढकलून मोकळं व्हायला? दोन्ही असेल. माणूस एका तोंडात दोन तुकडे ठेवून हसू शकतो, ते तिनं सकाळपासून पाहिलंच होतं.

आता खरा सूड काळी चौकट नव्हताच. खरा सूड एक वाक्य होता, पुन्हा फोन लावून सांगायचं — आक्का, त्यात मुलगी नव्हती, तुझ्या लेकानं तुला खोटं वाचून दाखवलं. केक कापायच्या आत सांगून होईल. पन्नासाव्या वाढदिवसाला याहून मोठी भेट कुणी दिली नसेल. चव पुन्हा आली जिभेवर, आल्याची... पण आता ती घशाखाली उतरेना. कारण ते वाक्य जाताना आधी आक्कावरून जाणार होतं, नदीवरून, मागं वळलेल्या मानेवरून.

पाच वीस.

तिनं उदयसिंहाच्या दारावरची पाटी परत लावली. तिन्ही खुणा तीन ओळींवर बसवल्या आहेत ना, ते पुन्हा तपासलं. तडकलेल्या फोनवर हार गळाला, चौकट गळाली, फुगे आले. तो हसत होता, दोन्ही तुकडे तसेच. त्यात फुग्यांमुळे काही सुधारणा नव्हती. हे मी तुझ्यासाठी केलं नाही, ती त्याला म्हणाली. ऐक. तुझ्यासाठी नाही.

"झालं काय?" केबिनमधून, उघड्या दारातून.

"पाच मिनिटं, साहेब."

कारण सम्राटचं यंत्र साडेपाचला फक्त आजचं पान ओतत नाही. जुनी सगळी पानंही नव्या साच्यात नव्यानं ओततं. बारा वर्षांचे सगळे मेलेले आणि सगळे वाढलेले, रोज. आबांच्या नोंदीचा आकडा तिला पाठ होता. तिनं उघडला. आबा, फेट्याशिवाय, तोंडावर तिनं घातलेला उजेड. पत्नी, मुलगा, सून.

कर्सरची पट्टी 'मुलगा' या शब्दापुढं जाऊन लुकलुकत उभी राहिली.

एक शब्द. तो लिहिला, तर दादाचं खोटं खरं होईल, कायमचं, छापील. आणि मग न जाणं उरेल ते निव्वळ माझं, त्याला कसलंही कारण नाही. नाही लिहिला, तर मी निर्दोष... आणि आक्का नदीवर तशीच मागं वळू-वळू बघत. बारा वर्षं मजकुराला हात न लावलेलं बोट कळफलकाच्या वर थांबलं. आणि त्या थांबलेल्या वेळात क्रांतीला नदी दिसेना, चावडी दिसेना, केक दिसेना. दिसलं ते एसटी स्टँड. तिसरी गाडी लागलेली, इंजिन चालू, दार उघडं, पिशवीतल्या चपला अजून पिशवीतच. त्या बाकावर बसलेली जी बाई तिला इतकी वर्षं हाकललेली दिसायची, ती आज पहिल्यांदाच नुसती बसलेली दिसली. बोलावलेली, नाव वाचून दाखवलेली, आणि उठत नसलेली.